काठावरचे राक्षस

पट्टीताईला पट्टीताई हे नाव शाळेतच पडलं होतं, आणि त्यात नाव ठेवणाऱ्यांची काहीच चूक नव्हती. सातवीतच तिची उंची वर्गशिक्षकांच्या कानाला लागली होती, रुंदी मात्र देव द्यायची विसरला होता. पुढे तिने आयुष्यभराचं काम म्हणून अंतरं मोजण्याचंच काम धरलं, तेव्हा तिचा धाकटा भाऊ पोट धरून हसला होता. "अगं पट्टे, ते टोपणनाव होतं, भविष्य नव्हतं!"

तर ही पट्टीताई, वय वर्षं एकोणपन्नास, खगोलसंस्थेच्या तळघरातल्या खोलीत बसून दीर्घिकांची अंतरं मोजायची. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव. गाव कसलं, अब्जावधी ताऱ्यांचं अवाढव्य शहर. तिथून निघालेल्या उजेडालासुद्धा आपल्यापर्यंत पोचायला कोट्यवधी वर्षं लागतात, मग टेप घेऊन जायचं तर नावच सोडा.

पण पट्टीताईकडे राक्षस होते.

तारा म्हातारा झाला की फुगतो, लाल होतो आणि सावकाश जास्त जास्त झळकायला लागतो. हाच लाल राक्षसी तारा. म्हातारपणी माणसं वाकतात, हे मात्र चढतात! पण त्या चढण्यालाही एक शेवटची पायरी असते. तिथे पोचलं की राक्षसाच्या पोटात एकदम भडका उडतो आणि तो धपकन खाली येतो, फिकट होतो. गंमत अशी की ही शेवटची पायरी कुठल्याही दीर्घिकेत साधारण एकाच उंचीवर असते. घर लहान असो की मोठं, दार जवळपास सारख्याच उंचीचं असतं ना, तसं. समोरच्या डोंगरावरचं दार नखाएवढं दिसलं की घर किती लांब ते सांगता येतं. तसंच सर्वांत झळकणारे राक्षस इथून किती फिकट दिसतात ते शोधायचं, की दीर्घिका किती लांब ते कळलं.

पथ्य एकच. राक्षस घ्यायचे ते दीर्घिकेच्या काठावरचे. मध्यभागी धूळ असते, नवे तारे असतात आणि नुसती चेंगराचेंगरी असते. दोन फिकट तारे एकमेकांना खेटून उभे राहिले की दुर्बीण फसते, तिला एकच झगझगीत तारा दिसतो. आणि मग दीर्घिका असते त्याहून जवळ वाटते. काठावर मात्र गर्दी नाही. प्रत्येक जण सुटा, आपापल्या अंधारात उभा.

"एकटा तारा खोटं बोलत नाही," असं गोटीताई म्हणायची.

गोटीताई म्हणजे पट्टीताईची जोडीदारीण. ठेंगणी, गोल, चालताना घरंगळल्यासारखी चालणारी. एक अशी काडी आणि दुसरी अशी गोटी. दोघी शेजारी शेजारी जेवायला निघाल्या की कँटीनवाला लांबूनच ओरडायचा, "चला, दहा नंबर आले!" एक आणि शून्य, मिळून दहा. एकोणीस वर्षं तो हाच विनोद करत होता आणि एकोणीस वर्षं दोघी त्याला हसत होत्या.

तळघरातल्या खोलीत तीन टेबलं होती. एक गटप्रमुख सरांचं, ते निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. एक गोटीताईचं, ती गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर ठोकेवाल्यांकडे गेली. उरलं एक.

ठोकेवाले हे पट्टीताईनेच ठेवलेलं नाव. त्यांचे तारे नाडीसारखे ठोके देतात, घडीत मंद, घडीत तेज, आणि त्या ठोक्यांवरूनही दीर्घिकेचं अंतर काढता येतं. ठोकेवाले अकरा जण होते. त्यांच्याकडे चार खिडक्या होत्या, कॉफीचं यंत्र होतं, आणि कुणी काही बोललं की दहा जण एकदम हसत. तो हास्याचा गडगडाट जिन्यावरून घरंगळत तळघरापर्यंत यायचा. येईपर्यंत त्यातला विनोद गळून गेलेला असायचा, नुसता आवाज उरलेला असायचा.

गोटीताई भांडून गेली नव्हती. तेच तर वाईट. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. ती म्हणाली, "अगं, मला खिडकी हवीये," आणि आपला कप घेऊन वर गेली. त्यानंतर पट्टीताई कँटीनमध्ये गेली की कँटीनवाला काहीच ओरडायचा नाही. बिचाऱ्याला 'एक नंबर' म्हणणं जिवावर आलं असावं.

पण आता हे सगळं संपणार होतं! शुक्रवारी सकाळी अकरा वाजता.

त्याचं असं झालं. तीन वर्षांपूर्वी सरांनी एका दीर्घिकेचं काम काढलं आणि एक नियम घातला. माणूस हवं ते उत्तर येईपर्यंत चुका शोधतो आणि हवं ते आलं की शोधणं थांबवतो, असं सरांचं म्हणणं होतं. म्हणून सरांनी कॉम्प्युटरला सांगून प्रत्येक ताऱ्याच्या तेजात एक गुप्त आकडा मिसळला. तो आकडा कुणालाच माहीत नाही. तो कागदावर छापून पाकिटात बंद केला, पाकिटाला लाख लावली आणि पाकीट दिलं ग्रंथपालांकडे. कारण संस्थेत ताऱ्यांतलं ओ की ठो न कळणारा तेवढा एकच भरवशाचा माणूस होता. सगळं काम संपलं की सर्वांसमोर पाकीट उघडायचं, मिसळलेला आकडा वजा करायचा, येईल ते अंतर. एकदा पाकीट उघडलं की मग कशालाही हात लावायचा नाही. मुंगीएवढाही बदल नाही.

ठोकेवाल्यांनी त्याच दीर्घिकेचं अंतर आपल्या पद्धतीने काढून ठेवलं होतं. त्यांच्या मॅडम स्वतः तळघरात उतरून आल्या होत्या, ही केवढी मोठी गोष्ट!

"ताई, तुमचा आकडा आमच्याशी जुळला तर आपण एकत्रच लिहू. मोठ्या दुर्बिणीसाठीचा अर्ज सोमवारी बंद होतो, त्यात तुमचं नाव घालते. आणि वरती एक टेबल रिकामं आहे, खिडकीजवळचं, तुमच्या मैत्रिणीच्या शेजारचं. पुसून ठेवलंय."

"आणि ही खोली?"

"इथे जादा खुर्च्या ठेवायच्या म्हणताहेत." मॅडमनी सगळीकडे एकदा पाहिलं. "तसंही इथे कोण बसतं?"

म्हणजे अंतर तीन कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास, हे ढोबळ सगळ्यांनाच ठाऊक होतं. भांडण होतं ते पुढच्या लाखांचं. पण पट्टीताईचं खरं सांगायचं तर तिला त्या लाखांपेक्षा ते पुसून ठेवलेलं टेबल जास्त दिसत होतं. एकदा तर ती वर जाऊन चोरून पाहूनही आली होती. खण उघडला, बंद केला. सुळकन सरकला. तळघरातला खण लाथ घातल्याशिवाय उघडत नसे.

गुरुवारी सकाळी तिने पोस्टर छापायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सभागृहात लावायला काहीतरी हवं ना! दीर्घिकेचं मोठं चित्र आणि त्यावर हिरव्या रेघेने काठाची हद्द. ही दीर्घिका आपल्याला तिरकी दिसते, लांबट वाटोळी, आडवी पडलेली. तिच्याभोवती एक लांबट वाटोळं कुंपण घालायचं. कुंपणाच्या आत गर्दी, ती सोडायची. कुंपणाबाहेर काठ, तिथले राक्षस घ्यायचे. तीन वर्षं हे कुंपण फक्त आकड्यांत राहत होतं. एवढी लांबी, एवढी रुंदी, एवढा कोन. कॉम्प्युटर त्यावरून तारे निवडायचा. ती रेघ खुद्द चित्रावर काढायची वेळ आजच आली होती.

प्रिंटरने कण्हत कुंथत कागद बाहेर टाकला. टेबलावर मावेना, म्हणून पट्टीताईने तो जमिनीवर पसरला आणि चष्मा सारखा करून बघायला वाकली.

कुंपण उलट्या बाजूला झुकलेलं होतं.

दीर्घिका एका कुशीवर आणि कुंपण दुसऱ्या. आडवं पडलेलं पांघरूणच जणू, डोकंही उघडं आणि पायही उघडे. दीर्घिकेची दोन्ही टोकं कुंपणाबाहेर आली होती. आणि कुंपणाबाहेर जे जे ते ते काठ, असं कॉम्प्युटरला सांगितलेलं होतं. म्हणजे तीन वर्षं ती काठावरचे एकटे राक्षस म्हणून जे मोजत होती, त्यांत गर्दीतलेही घुसलेले होते.

तिला आधी वाटलं, प्रिंटरने चित्र उलटं छापलं. प्रिंटर तसा बदनाम होताच. पण चित्र सुलटं होतं. मग ती कपाटाकडे गेली आणि तिने जुनी नोंदवही काढली.

या कामात एक ठरलेली रीत होती. एकीने आकडा भरायचा आणि दुसरीने तो मुळापासून तपासून पुढे बरोबरची खूण करायची. दोन हातांशिवाय ओळ पक्की नाही. वहीत गोटीताईच्या गोल गोल अक्षरात कोन भरलेला होता, पस्तीस अंश. आता आकाशाच्या नकाशाची एक खोड आहे. जमिनीच्या नकाशात पूर्व उजवीकडे असते. आकाशाच्या नकाशात, खालून वर बघायचं म्हणून, पूर्व डावीकडे येते. उत्तरेकडून पूर्वेकडे पस्तीस अंश, म्हणजे डावीकडे वळायला हवं होतं. कोन उजवीकडे वळवून भरला होता. या धंद्यात नवशिका पहिल्या आठवड्यात हीच चूक करतो आणि मग जन्मभर दुसऱ्यांच्या तशा चुकांना हसतो.

आणि त्या ओळीपुढे पट्टीताईच्या हाताची खूण होती. बरोबर.

तारीख वाचली आणि तिला तो दिवस आठवला. कसा नाही आठवणार? गोटीताईच्या खुर्चीचं एक चाक त्या दिवशी निखळलं होतं. ती खुर्चीसकट गरगरत गेली आणि धाडकन कपाटावर आदळली. तशीच जमिनीवर बसून, दोन्ही हात पसरून म्हणाली, "दोन दीर्घिकांची टक्कर! जीवितहानी नाही!" आणि मग दोघी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की सर आपल्या टेबलावरून म्हणाले, "मुलींनो, इमारत पडेल." मुलींनो! दोघी चाळिशी कधीच ओलांडलेल्या. त्या हसण्याच्या भरात पट्टीताईने डोळे पुसत पुसत एक खूण न बघता केली होती. एकोणीस वर्षांच्या हजारभर ओळींत तेवढी एकच.

तिने कोन सरळ केला आणि मोजणी पुन्हा लावली. तासाभरात आकडा आला, पाकिटातला गुप्त आकडा मिसळलेलाच, पण जुन्या-नव्यातला फरक तर दिसत होता. गर्दीतले खेटून उभे राहिलेले तोतये गळाले, राक्षसांची शेवटची पायरी जरा फिकट सरकली. जरा म्हणजे किती? दीर्घिका अकरा लाख प्रकाशवर्षं आणखी लांब गेली, एवढी. एका सकाळीत, जमिनीवर वाकून बघितल्यामुळे.

आणि ते अकरा लाख प्रकाशवर्षांचं अंतर बरोब्बर तिच्या आणि खिडकीजवळच्या टेबलाच्या मधोमध येऊन बसलं.

कारण कोन बदलला तर सगळंच बदललं. नवी निवड, नव्या चाचण्या, पुन्हा एकेक ओळ दुसऱ्या हाताने तपासायची. चार-पाच महिने सहज. आणि दुसरा हात होता कुठे?

इतक्यात आतला फोन वाजला.

"पट्टे!" गोटीताई होती. मागे कुणीतरी हसत होतं. "ऐक, तुझ्यासाठी एक खुर्ची हडपून ठेवलीये. पाचही चाकं शाबूत! मी स्वतः बसून फिरून बघितलं."

"हो?"

"हो काय? जरा नाच की! उद्या अकराला उघडलं पाकीट, की साडेअकराला तू वर. कप घेऊन ये, इथले कप भिकार आहेत."

"बरं."

"काय गं, आवाज का असा?"

पट्टीताईने जमिनीवरच्या चित्राकडे पाहिलं. सांगावं? तोंडापर्यंत आलं होतं.

"प्रिंटरशी भांडत होते," ती म्हणाली.

दुपारी ती ग्रंथालयात गेली. पुस्तक वगैरे काही नको होतं. ग्रंथपाल काका चष्मा कपाळावर चढवून उशिरा आलेल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या लावत होते.

"या ताई! उद्या आमची सुटका म्हणायची. तीन वर्षं पाकीट सांभाळतोय. घरी विचारतात, काय आहे हो त्यात? म्हटलं, एक आकडा. तर म्हणे, लॉटरीचा का?"

पट्टीताई हसली, पण अर्धवटच.

"काका, तुम्हाला कधी वाटलं नाही उघडून बघावं?"

"मला? मला कळणार काय त्यात? मला पुस्तक कुठल्या फळीवर जातं ते कळतं, बास." त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "का हो? काही बिघडलंय?"

"समजा, उघडल्यावर कळलं की घाई झाली. तर परत बंद करता येईल?"

काकांनी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. "हे बघा, पुस्तक मी परत घेतो. वाचलेलं कसं परत घेणार?"

पट्टीताईने टेबलावरची एक चिठ्ठी उचलून सरळ लावली. मग "येते" म्हणून निघाली. दारापर्यंत गेली, परत आली. "काका, पाकीट लावायला ती लाल लाख असते ना, ती अजून मिळते?"

"लागणार आहे का?"

"माहीत नाही," पट्टीताई म्हणाली, आणि हे तिने अगदी खरं सांगितलं.

शुक्रवारी सभागृहात तीसेक माणसं जमली. ठोकेवाले अकराच्या अकरा, पहिल्या दोन रांगांत. गोटीताई दुसऱ्या रांगेत कडेला, शेजारची खुर्ची पर्स ठेवून धरलेली. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि पाकीट दोन्ही हातांत असं धरलं होतं की जणू त्यात दूध आहे.

"चला, करू या सुरुवात," मॅडम म्हणाल्या. "ग्रंथपाल, उघडा."

काकांनी कागद कापायची सुरी लाखेखाली घातली.

"थांबा," पट्टीताई म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक आला की फक्त काकांनीच ऐकला. पण काका थांबले. जणू ते थांबायलाच उभे होते.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"पाकीट उघडायचं नाही. कुंपणाचा कोन उलटा भरला गेलाय. पूर्व उजवीकडे धरली आम्ही... धरली गेली. काठाच्या ताऱ्यांत गर्दीतले मिसळलेत."

मागून कुणीतरी म्हणालं, "राक्षस पळाले म्हणायचे!" आणि दोन-तीन जण हसले. पट्टीताईला त्याचा राग आला नाही. दुसऱ्या कुणाची फजिती असती तर हे वाक्य तिनेच टाकलं असतं.

मॅडम हसल्या नाहीत. "किती फरक पडतो?"

"अकरा लाख. लांब."

"मग तो बदल करून आत्ताच उघडू. कोन सरळ करणं म्हणजे काय, एक चिन्ह बदलायचं."

"चाचण्या जुन्या कोनावरच्या आहेत. आणि नव्या ओळी कुणी तपासलेल्या नाहीत. मी एकटीच आहे." हे शेवटचं वाक्य तिला असं म्हणायचं नव्हतं. ते कामाबद्दल होतं. पण सभागृहात ते जरा जास्तच वेळ रेंगाळलं.

"ताई, सोमवारी अर्ज बंद होतोय."

"ठाऊक आहे."

"ते टेबल मी किती दिवस अडवून ठेवणार?"

"नका ठेवू."

मॅडमनी सुस्कारा टाकला. बाई वाईट नव्हती, घाईत होती. "ही चूक तपासणीत कशी सुटली? तपासली कुणी होती?"

पट्टीताईने दुसऱ्या रांगेकडे मुळीच पाहिलं नाही. "मी. खूण माझी आहे."

भरला कुणी होता, ते कुणी विचारलं नाही. गोटीताई मान खाली घालून पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, काढत होती. टक्, टक्. काकांनी सुरी खिशात ठेवली आणि पाकीट परत दोन्ही हातांत धरलं. लाखेचा एक कोपरा उडाला होता, तेवढंच.

जिन्यापाशी गोटीताईने तिला गाठलं. धापा टाकत होती.

"कोन मी भरला होता."

"तपासणी माझी होती."

"काल फोनवर का नाही बोललीस? आधी मला सांगायचं की नाही? एकोणीस वर्षं..."

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, गप्प बस."

गोटीताई खोटं बोलण्यात पहिल्यापासून कच्ची. "म्हणाले असते," तिने कबूल केलं, आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर गेली. पट्टीताई एकेक पायरी उतरत खाली आली.

रविवारी पाच वाजता भावाचा फोन आला. तो दूरच्या शहरात चष्म्याचं दुकान चालवायचा आणि रविवारीही दुकान उघडं ठेवायचा.

"पट्टे, उघडलं का पाकीट?"

"नाही रे. चूक सापडली."

"कुणाला?"

"मलाच."

"आणि तू सांगितलंस?" पलीकडून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "धन्य आहे! जवळचं काही दिसतच नाही तुला, नुसतं लांबचं दिसतं. ये एकदा दुकानात, फुकट तपासतो." मग म्हणाला, "खरं सांगू? चुकीचा नंबर दिला असेल तर मीही बोलावून बदलून देतो. गिऱ्हाईक खूश असलं तरी. डोकं दुखत राहतं त्यांचं, आणि का ते कळत नाही."

"तेच."

"मग आता ते टेबल?"

"गेलं."

"अगं, मग तू..." मागे दाराची घंटा किणकिणली. "गिऱ्हाईक आलं गं. पुढच्या रविवारी बोलू सविस्तर?"

"बोलू." चार मिनिटं झाली होती. गेल्या रविवारी सहा झाली होती. मोजायची सवय, दुसरं काय!

सोमवारी खुर्च्या आल्या. मॅडमचा शब्द तेवढा पाळला गेला, पट्टीताईला न हलवताच. एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या चळती सरांच्या टेबलापाशी लागल्या, मग गोटीताईच्या. ऐंशी खुर्च्यांच्या खोलीत माणूस एकच.

पट्टीताईने काम पहिल्यापासून काढलं. कोन डावीकडे. नवी निवड. मग खोटे तारे पेरायचे. चित्रात आपणच बनावट तारे टाकायचे आणि कॉम्प्युटरला त्यांतले किती सापडतात ते बघायचं, म्हणजे त्याची नजर किती पक्की ते कळतं. लाखांनी पेरले तिने. पेरायचे, शोधायचे, पुसायचे. दुपारी एक वाजता वरून हशा घरंगळत यायचा. दीड वाजता ती कँटीनमध्ये जाऊन भिंतीकडच्या टेबलावर डबा खायची. एकदा कँटीनवाला फडका मारता मारता म्हणाला, "ताई, शून्य कुठे हरवलं हो?" मग स्वतःच ओशाळला आणि तिला न मागता दुसरा चहा देऊन गेला.

चार महिने गेले. नव्या वहीत एक्केचाळीस ओळी झाल्या. प्रत्येक ओळीपुढची जागा कोरी. खूण करायला दुसरा हात नव्हता, आणि खुणेशिवाय काका पाकीट देणार नव्हते. देते तरी तिने घेतलं नसतं.

एका सोमवारी तिने वही ग्रंथालयाच्या टेबलावर नेऊन ठेवली. वर चिठ्ठी लावली होती, 'तपासणीसाठी. कुणीही.'

"कुणीही?" काकांनी वाचलं. "ही वही कुणालाही वाचता येणारी आहे का?"

"नाही. संस्थेत एकीलाच."

"मग तिच्या हातात का नाही देत?"

"ती म्हणेल वेळ नाही. मग जिन्यात भेटली तर दोघींना खाली बघावं लागेल."

काकांनी वही पालथी केली, सुलटी केली आणि टेबलाच्या कडेला, परत आलेल्या पुस्तकांवर ठेवली. "दर गुरुवारी पुस्तक बदलायला येतात त्या. मला ताऱ्यांतलं कळत नाही, ताई. गुरुवार कळतो."

तो गुरुवार गेला. काहीच झालं नाही. वही मात्र टेबलावर नव्हती. काकांना विचारावं असं तिला दहादा वाटलं आणि दहाही वेळा ती दारातूनच परत फिरली. त्याच्या पुढच्या गुरुवारी दुपारी ती कँटीनमधून आली तर वही तिच्या टेबलावर होती. आणून कुणी ठेवली? खुर्च्यांनी काही सांगितलं नाही.

तिने वही उघडली. हिरव्या शाईच्या खुणा. पहिल्या ओळीपुढे, दुसरीपुढे. नुसत्या खुणा नव्हेत, प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात पुन्हा केलेलं गणित, गोल गोल आकड्यांत. हे वरवर चाळून होत नाही, याला संध्याकाळच्या संध्याकाळ जातात. कोनाच्या ओळीपाशी लिहिलं होतं, 'नकाशा घरी जमिनीवर पसरून पाहिला. पूर्व डावीकडे. बरोबर.'

ती एकेक पान उलटत गेली. चोवीस, पंचवीस, सव्वीस. बरोबर, बरोबर, बरोबर. सत्ताविसाव्या ओळीपुढे खूण नव्हती. तिथे लिहिलं होतं,

'इथे गडबड आहे. परत कर. हसत होतीस का?'

पट्टीताईने ते दोनदा वाचलं. मग ऐंशी खुर्च्यांच्या त्या खोलीत ती एकटीच मोठ्याने हसली. मग चष्मा काढून पदरासारखा हातरुमाल डोळ्यांना लावला, चष्मा परत घातला आणि पेन उघडलं.

सत्ताविसाव्या ओळीत खरंच गडबड होती.